उपटसुंभाचा नाताळ

साहित्य: वाळलेली काटेरी झुडपं सुमारे १०००, पांढरा रंग २५ गॅलन, आग लागू नये म्हणून फवारायचं रसायन २० गॅलन, चमकी ६५ पौंड, दिवे १२००, आणि हे सगळं पेलेल असा दोन-तीन मजली उंचीचा तारेचा सांगाडा.

कृती: झुडपं गावाबाहेरच्या मोकळ्या रानातून गोळा करून आणावीत. (जाड हातमोजे विसरू नयेत.) एकेक करून सांगाड्यात घट्ट बसवावीत. पांढरा रंग मारावा, रसायन फवारावं, चमकी उधळावी, दिवे सोडावेत. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सगळ्या गावाला बोलावून बटण दाबावं.

हा आमच्या गावचा ख्रिसमस ट्री. चेष्टा नाही, १९५७ पासून हे असंच चाललंय.

गाव म्हणजे चँडलर, ॲरिझोना. फिनिक्सला चिकटलेलं. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको, तुमच्यापैकी कोणाचा ना कोणाचा चुलतभाऊ नाहीतर कॉलेजातला रूममेट इथे असणारच. इंटेल १९८० पासून इथे आहे आणि तिच्या मागोमाग आलेल्या बाकीच्या मंडळींमुळे इथल्या देसी दुकानात शनिवारी संध्याकाळी कढीपत्त्याच्या पिशवीसाठी झटापट होते. बाकी सगळं वाळवंट. वर्षाचा पाऊस ७ इंच. मी सोलापूरची, त्यामुळे उन्हाचं कौतुक मला कोणी सांगू नये असं माझं मत होतं. मग २०२३ चा उन्हाळा आला. फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ च्या वर गेला आणि सोलापूर मला थंड हवेचं ठिकाण वाटायला लागलं.

ह्या गावाचा जन्मही मजेशीर आहे. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर नावाचे एक गुरांचे डॉक्टर १८८७ मध्ये इथे आले, जमीन घेत गेले, कालवे काढले आणि १९१२ च्या मे महिन्यात प्लॉट पाडून विकायला बसले. पहिल्या महायुद्धाच्या काळात टायरसाठी लांब धाग्याचा कापूस लागायचा, तो गुडइयर कंपनीने इथे पिकवला. कोणे एके काळी पिसांसाठी शहामृगंही पाळली होती. १९६० च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेनऊ हजार, म्हणजे आपल्याकडचं आठवडी बाजाराचं गाव. २०२० मध्ये पावणेतीन लाख. मधल्या साठ वर्षांत काय झालं हे तुमच्या लिंक्डइनवर दिसेलच.

तर १९५७. कापसाचं लहानसं गाव. अर्ल बार्नम नावाच्या एका रहिवाशाने दूर इंडियाना राज्यात असाच जोडजोडून उभा केलेला एक ट्री पाहिला होता. उत्तरेला फ्लॅगस्टाफकडे पाइनची मोठाली जंगलं आहेत, तिथून एखादं झाड आणणं अशक्य नव्हतं. पण चँडलरच्या आसपास जे फुकट, मुबलक आणि कोणालाही नको असलेलं पडलेलं होतं, ते म्हणजे टंबलवीड. जुन्या वेस्टर्न सिनेमात दोन बंदूकवाले समोरासमोर उभे राहिले की मधून एक गोल वाळकं झुडूप गडगडत जातं ना, तेच. त्याचाच ट्री करायचा ठरलं.

दिवसाउजेडी पाहिलात तर हा ट्री अजिबात देखणा नाही. खराट्यांचा ढीग चुन्यात बुडवून उभा केल्यासारखा दिसतो. मी पहिल्यांदा पाहिला तो दुपारी, हापिसातून जेवायला बाहेर पडलो होतो तेव्हा, आणि मला वाटलं काहीतरी बांधकाम चालू आहे. रात्री मात्र प्रकरण वेगळं असतं. दिवे झुडपांच्या आत असल्यामुळे प्रकाश त्या हजारो काड्यांमधून गाळून बाहेर येतो आणि प्रत्येक काडीला चमकी चिकटलेली. बर्फ कधी न पडणाऱ्या गावात बर्फ पडल्यासारखं दिसतं.

आता ह्या झुडपाबद्दल थोडं, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

शास्त्रीय नाव साल्सोला ट्रॅगस. इंग्रजीतलं दुसरं नाव 'रशियन थिसल'. नावातच पासपोर्ट आहे! अमेरिकन वेस्टचं प्रतीक वगैरे म्हणून जे मिरवतं, ते मुळात इथलं नाहीच. १८७० च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात हे मिसळून आलं आणि साउथ डकोटात उतरलं. (हो, आपण चटणी करतो तेच जवस.) पुढे रेल्वेच्या डब्यांतून, गुरांच्या वाघिणींतून, बियाण्यांच्या पोत्यांतून आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या पायांनी ते पसरत गेलं. वीस-पंचवीस वर्षांत पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. म्हणजे गंमत बघा, ज्या १८७० च्या काळातले काउबॉय सिनेमात दाखवतात त्यांनी हे झुडूप बहुधा पाहिलंही नसेल.

स्वतःच्या पायांनी म्हणजे कसं? हे झुडूप हिरवं असताना साध्या तणासारखंच दिसतं. शरदात वाळतं. वाळताना बुंध्याशी एक कमकुवत थर तयार होतो आणि जोराचा वारा आला की तिथून कटकन तुटतं. मूळ जमिनीत राहतं आणि वरचा गोळा निघतो प्रवासाला. एका मोठ्या झुडपावर अडीच लाखांपर्यंत बिया असू शकतात. प्रत्येक आपटीला थोड्या थोड्या सांडत जातात. बी म्हणजे गुंडाळून ठेवलेलं तयार रोपच असतं, थोडा ओलावा मिळाला की लगेच उलगडतं. एकच अट: माती मोकळी, कोणीतरी उकरलेली हवी. जिथे जमीन कोणी हलवलेली नाही तिथे ह्याचं काही चालत नाही. माणसाने नांगर फिरवला, रस्ता काढला, प्लॉट पाडला की हे हजर.

थोडक्यात, मेलं की फिरतं आणि तुटलं की पसरतं. मराठीत ह्याला 'उपटसुंभ' हा शब्द फिट्ट बसेल. सोलापुरात आमच्या वाड्यातल्या काकू नवीन भाडेकरूंबद्दल बोलताना हाच शब्द वापरायच्या.

त्याचं स्वागत कोणी केलं असं मात्र समजू नका. १८९० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याने ह्या तणाचा बंदोबस्त कसा करायचा म्हणून खास माणूस पाठवून पाहणी करवली होती. नॉर्थ डकोटात म्हणे एका लोकप्रतिनिधीने सगळ्या राज्याभोवती तारेचं कुंपण घालायचा प्रस्ताव मांडला होता. (भिंत बांधायची कल्पना जुनीच दिसते.) आजही ते उपद्रवीच आहे. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलमध्ये वाऱ्याने इतकी झुडपं आणून टाकली की घरं दुसऱ्या मजल्यापर्यंत झाकली गेली. ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यात एका हायवेवर गाड्या ह्या ढिगाऱ्यात अडकल्या, लोकांचं नवीन वर्ष गाडीतच सुरू झालं. शिवाय वाळलेलं झुडूप म्हणजे पेटायला तयार काडेपेटी, म्हणून तर ट्रीला ते २० गॅलन रसायन.

पण १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी मधल्या राज्यांत काही उगवेना, तेव्हा शेतकऱ्यांनी ह्याच तणाची कोवळी रोपं कापून गुरांना घातली आणि गुरं जगवली. आणि १९५७ मध्ये चँडलरने त्याला चुना फासून चौकात उभं केलं.

हे सगळं मी खोदून वाचलं त्याला कारण माझी एक मैत्रीण.

ती कोल्हापूरची. नवरा, साडेचार वर्षांची मुलगी. आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, मी वर आणि ती खाली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी आणि मोठ्या बहिणीचे सगळे अधिकार गाजवणारी. माझ्या फ्रिजमध्ये काय आहे हे तिला माझ्याआधी माहीत असायचं. नऊ वर्षं ती ॲरिझोनात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला कंपनीने सकाळी नऊ वाजता मीटिंगला बोलावलं आणि साडेनऊला तिचा लॅपटॉप बंद झाला. कंपनीचं नाव नको, तशा अनेक होत्या त्या वर्षी. नवरा तिच्या व्हिसावर अवलंबून.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एच-वन-बी वर असताना नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी धरा, व्हिसा बदला, नाहीतर देश सोडा. ग्रीन कार्डचा पहिला अर्ज मंजूर असला तरी भारतीयांची रांग इतकी लांब आहे की नंबर यायला काही दशकं लागावीत. तिचा मंजूर होता. त्या घरात गावाची खरीखुरी नागरिक एकच, वय वर्षं साडेचार, इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली.

साठ दिवस कसे जातात हे मी खालच्या मजल्यावर पाहिलं. पहिले पंधरा दिवस इंटरव्ह्यू. पुढचे पंधरा दिवस 'हायरिंग फ्रीझ' हा शब्द. मग एक दिवस ती मला म्हणाली, "अगं, तुला राइस कुकर हवाय का?" तेव्हा मला कळलं की ठरलं. पलंग गेला, सोफा गेला, गाडी गेली. भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं बुजवायला डिपॉझिटच्या भीतीने टूथपेस्ट लावत आम्ही दोघी बसलो होतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं विमान होतं.

तिच्या मुलीला ह्यातलं एकच माहीत होतं, की शाळेत टीचरने सांगितलंय, शनिवारी टंबलवीड ट्री पेटणार. ('पेटणार' हा तिचाच शब्द. तिच्या आईने दोनदा सुधारला.) आवराआवरीत कोणाला कुठे जायचं मन नव्हतं, पण हट्टापुढे काय! गेलो चौघे. डाउनटाउनमधल्या त्या बागेत ही गर्दी. आधी दिव्यांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक असते, शाळांचे बँड वगैरे. आमच्या मागे खुर्ची टाकून बसलेल्या एका आजीबाई आपण होऊन बोलायला लागल्या. त्यांचं लहानपण इथल्याच कापसाच्या शेतावर गेलेलं. म्हणाल्या, वाऱ्याचा दिवस असला की ही झुडपं येऊन आमच्या कुंपणाला अडकायची, वडील शिव्या घालत दिवसभर जाळत बसायचे. आणि आता नगरपालिकेच्या लोकांना ती शोधत गावाबाहेर लांब जावं लागतं!

ते खरंच आहे. गाव वाढलं, शेतं गेली, सगळीकडे घरं, पार्किंग आणि डेटा सेंटर. मोकळी जमीनच उरली नाही तर टंबलवीड येणार कुठून? ज्या तणाला शंभर वर्षं हाकलत होते, ते आता नाताळासाठी मुद्दाम हुडकून आणतात.

तेवढ्यात बटण दाबलं गेलं आणि मुलीने मला विचारलं, "मावशी, हा ट्री खरा आहे की खोटा?"

मी विचारात पडले. प्लॅस्टिकचा नाही, म्हणजे खोटा नाही. पण असं झाड जगात कुठे उगवत नाही, म्हणजे खराही नाही. माझ्या आधी तिच्या आईने उत्तर दिलं. "खरा आहे. ह्या लोकांनी केलाय ना, मग खरा." आणि ती रडायला लागली. साठ दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. आजीबाईंनी काही न विचारता तिच्या हातात टिशू दिले.

त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होते. कारण त्याच्या तीनच महिने आधी, सप्टेंबरात, आमच्या घरी ह्याच विषयावर महाभारत झालं होतं. विषय: गणपतीच्या दूर्वा.

आईचं म्हणणं, तिकडे दूर्वा कुठल्या मिळणार, मी इथून वाळवून पाठवते. मी सांगितलं, आई, कस्टमवाले झाडपाला येऊ देत नाहीत. मग ती म्हणाली, बाजारात प्लॅस्टिकच्या मिळतात, त्या पाठवते! हा वाद व्हिडिओ कॉलवर दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी खालच्या मैत्रिणीने मला हाताला धरून पार्किंगच्या कडेला नेलं आणि म्हणाली, "बघ खाली."

खाली लॉन होतं. फिनिक्स परिसरात उन्हाळ्यात जे लॉन दिसतं ते बहुतेक सगळं बर्म्युडा ग्रास. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आणि सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपल्या दूर्वा. तेच गवत! ह्याच राज्यातल्या युमाजवळ त्याच्या बियाण्याची मोठी शेती आहे. मी चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ दूर्वांवरून चालत हापिसात जात होते.

लॉनमधल्या दूर्वा मशीनने भादरलेल्या असतात, तीन पानांचा शेंडा नीट मिळत नाही. म्हणून आम्ही बास्केटबॉलच्या कोर्टाच्या कडेला, जिथे मशीन पोचत नाही, तिथे वाकून वाकून २१ च्या जुड्या जमवल्या. कॉम्प्लेक्सची बाग सांभाळणारा माणूस थांबून बघत होता. काय करताय म्हणाला. मैत्रिणीने सांगितलं, आमच्या देवाला हे गवत आवडतं. तो म्हणाला, "सगळं घेऊन जा की! मी उन्हाळाभर ह्याच्याशीच भांडतो. फरशीच्या फटीतूनसुद्धा येतं." त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी मोदक नेऊन दिले. त्याने ते आवडीने खाल्ले आणि विचारलं, ह्यात गवत नाही ना?

आईला फोटो पाठवला. बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "शेंडे चांगले आहेत. पुढच्या वेळी लाल दोरा बांध."

विचार केला तर आपले सणही असेच नाहीत का? गणपतीच्या पत्रीची यादी बघा. दूर्वा, आघाडा, धोतरा, रुई... ह्यातलं निम्मं एरवी कोणी कुंडीत लावणार नाही. आघाडा तर चालताना कपड्यांना चिकटतो म्हणून आपण झटकून टाकतो. (आघाडा आणि टंबलवीड एकाच कुळातले, बरं का. राजगिरा, पालक, चाकवत हेही त्याच कुळातले.) कोणीतरी कधीतरी आजूबाजूला पाहिलं असेल, पावसाळ्यात जे उगवलंय ते उचललं असेल आणि देवापुढे ठेवलं असेल. पुढे त्याची परंपरा झाली. आता आपण ते मंडईत पैसे देऊन विकत आणतो.

बाहेरून आलेल्या तणाचं मात्र आपण काय केलं? लहानपणी आम्ही ऐकायचो की गाजरगवत अमेरिकेच्या गव्हातून आलं. गव्हातून असो की आणखी कशातून, ते मूळचं अमेरिका खंडातलं हे नक्की आणि १९५० च्या दशकात ते पुण्यात सापडल्याची नोंद आहे. म्हणजे रशियाने अमेरिकेला एक तण दिलं आणि अमेरिकेने आपल्याला एक! गाजरगवताची कोणी मखर करून पाहू नये, अंगावर पुरळ उठेल. पण आमच्या सोलापूरकडच्या माळावर जी वेडी बाभूळ माजलीय, तिची सख्खी चुलत बहीण इथे चँडलरमध्ये मेस्कीट म्हणून पार्किंगच्या कडेने मानाने लावतात. ही इथली मूळची. तिच्या लाकडावर मांस भाजलं की दोन डॉलर जास्त घेतात. एक बहीण तिकडे उपरी आणि दुसरी इकडे भूमिपुत्र. आणि भूमिपुत्रांचंच म्हणाल तर चँडलरच्या दक्षिणेला हद्दीला लागूनच गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीचं राखीव क्षेत्र आहे. त्यांचे पूर्वज इथे कालवे काढून शेती करत होते तेव्हा ना गुरांचे डॉक्टर आले होते, ना जवस, ना आम्ही.

आता इथे 'म्हणजे बघा, टंबलवीडसारखेच आपण!' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. देसी पार्ट्यांत असलं वाक्य चांगलं खपतंही. पण मला ते पटत नाही. टंबलवीडला साठ दिवसांची मुदत नव्हती. त्याला कोणी आत घेतलं नाही आणि कोणाला बाहेरही घालवता आलं नाही. माझ्या मैत्रिणीने सगळे कर वेळेवर भरले, नऊ वर्षांत एक साधं पार्किंगचं तिकीटही घेतलं नाही, आणि तरी तिला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जावं लागलं. हे दोन्ही एका वाक्यात बसवलं की वाक्य गोड होतं, पण तिच्यावर अन्याय होतो.

मला ट्रीमधून घ्यावंसं वाटतं ते वेगळंच. चँडलरच्या लोकांनी टंबलवीड आपलं आहे की परकं ह्याचा निकाल कधी लावलाच नाही. त्यांना नाताळ साजरा करायचा होता, हाताशी ते होतं, त्यांनी ते वापरलं. आणि दरवर्षी वापरत राहिले. हातमोजे घालून, काटे टोचून घेऊन, हजार झुडपं एकेक करून. सहा-सात दशकांनी तो ट्री 'इथला' झाला. पहिल्या वर्षी तो नक्कीच कोणाला तरी हास्यास्पद वाटला असणार.

आम्ही इकडचे लोक नेमकं उलट करतो. मी इथली की तिथली ह्याचा निकाल लागेपर्यंत काही सुरूच करत नाही. भिंतीला रंग नको, जायचंच आहे. झाड नको, जायचंच आहे. चांगला पलंग कशाला, गादी जमिनीवरच बरी. मी स्वतः अशी तीन वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यावर जेवणाऱ्या लोकांना ओळखते. आंब्याचं तोरण प्लॅस्टिकचं, झेंडू प्लॅस्टिकचा, कारण खरं सगळं 'तिकडे' आहे. माझ्या मैत्रिणीने मात्र नऊ वर्षं खोक्यावर काढली नाहीत. तिने अंगणात झेंडू लावला, गवतात दूर्वा शोधल्या, शाळेच्या पालकसभेत भांडली. आणि तरी तिला जावं लागलं. मग फुकट गेलं का हे सगळं?

हा प्रश्न मी तिला मागच्या वर्षी फोनवर विचारला. ती आता पुण्यात आहे, वाकडला. ती म्हणाली, "फुकट काय त्यात? राहत होते तोवर राहत होते ना!" मग म्हणाली, थांब, तुला फोटो पाठवते.

फोटोत सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक ट्री उभा होता. मुलीने हट्ट धरला होता की नाताळला टंबलवीडचाच ट्री हवा. वाकडला कुठलं टंबलवीड? मग बापाने तारेचा सांगाडा केला, आईने बाजारातून डझनभर खराटे आणले, सोडून त्यांच्या काड्या खोचल्या, पांढरा ऑइलपेंट मारला, चमकी उधळली आणि दिवाळीच्या उरलेल्या माळा सोडल्या. सोसायटीतली पंधरा-वीस पोरं भोवती उभी होती. एका काकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर हरकत घेतली की खराटे असे वाया का घालवता. दुसऱ्या काकूंनी विचारलं की पुढच्या वर्षी आमच्या विंगमध्येही कराल का.

मी अजून इथेच आहे. माझा व्हिसा पुढच्या मुदतीपर्यंत आहे आणि त्यापुढचं मला माहीत नाही. पलंग मात्र घेतलाय. बाल्कनीत दोन कुंड्या आहेत, एकात तुळस आणि दुसरीत बास्केटबॉल कोर्टाच्या कडेहून आणून लावलेल्या दूर्वा. बाग सांभाळणाऱ्या माणसाने ती कुंडी पाहिली तेव्हा त्याचा विश्वासच बसेना की मी त्याच्या शत्रूला पाणी घालतेय. :-)

असो. डिसेंबरचा पहिला शनिवार लक्षात ठेवा. फिनिक्सच्या बाजूला कोणाकडे येणार असाल तर तेव्हा या, मी दाखवायला नेईन. गाडी लांब लावावी लागते, चालायची तयारी ठेवा. आणि वाळवंट म्हणून टी-शर्टवर येऊ नका, संध्याकाळनंतर चांगली थंडी वाजते.